टाचेपुढची रेघ

जुलेखा नवरी म्हणून लालासाबच्या घरी आली, तेव्हा उंबऱ्याच्या आत तिच्यासाठी एक जोडा मांडून ठेवला होता. मूळचा लाल कातड्याचा, आता तपकिरी पडलेला. चवड्यावर जरीचे चार-दोन धागे उरलेले. त्याला टाच होती: दोन बोटं उंच, कातड्याचे थर एकावर एक ठोकून केलेली, खाली लोखंडी पट्टी. असा जोडा तिनं तोवर पाहिला नव्हता. तिच्या माहेरी बायका अनवाणी चालत आणि पुरुषांची पायताणं सपाट असत.

"पाय घाल आन पाच पावलं चाल," सासू नजीरा म्हणाली. "घराण्यातल्या जुन्या दादीअम्माचा जोडा हाय. ह्या घराची हरएक सून त्यात चालूनच आत आलीया."

जुलेखा चालली. जोडा पायात खडखडला. पाऊल पुढं सरकून मागं तीन बोटं जागा राहिली. चार दिवसांनी तिनं नजीराला विचारलं, "अम्मा, तुमास्नी बसला हुता?"

"न्हाई. माझ्या सासूला बी न्हाई. दादीअम्मा थोराड हुती."

जुलेखानं ते ऐकून घेतलं. पटलं असंही तिला म्हणता येईना आणि खोटं म्हणावं तर हातात काही नव्हतं. जोडा परत पेटीत गेला आणि प्रश्नही तिथंच राहिला.

कोल्हापूरचे महाराज गादीवर येऊन तेव्हा नऊ-दहा वर्षं झाली होती. लालासाब मंगळवार पेठेत घोड्यांना नाल मारायचं काम करायचा. घरापुढंच त्याची छपरी होती. छपरी आणि घर यांच्यामध्ये पोती शिवून केलेला पडदा होता आणि त्या पडद्याला जुलेखाच्या डोळ्याच्या उंचीवर एक भोक होतं. ते तिनं पाडलेलं नव्हतं, पण बुजवलंही नव्हतं.

एका सरदारांच्या पागेतली सगळी घोडी लालासाबकडं यायची. त्याच पागेतला सयाजी हा स्वार. उन्हाळ्यात एका घोड्याची लाथ त्याच्या उजव्या टाचेच्या वर, जाड शिरेवर बसली. जखम भरली, पण शीर आखडली. टाच जमिनीला टेकेना. श्रावणात तो छपरीत येऊन बसला.

"लालाभाई, बगळ्यागत चवड्यावर चालतोय बघ. दसरा तोंडावर आला. जमादार पाहणी करंल आन सरळ हातात खरारा देईल."

दर दसऱ्याला सरदारांचे बारा स्वार महाराजांच्या स्वारीत जायचे. त्याआधी जमादार आकाराम पाहणी करायचे. सरळ उभं राहायचं, चालायचं, घोडं पळवायचं. ज्याला जमलं नाही त्याचं नाव स्वारांतून कमी. मग त्यानं पागेतच दुसऱ्याच्या घोड्याला खरारा करायचा. सयाजीचा बाप आणि आजा दोघंही बारांतले होते.

लालासाबनं सयाजीचा पाय उचलला आणि घोड्याचा धरतात तसा आपल्या दोन गुडघ्यांत धरला.

"लाथ मारू नगंस."

"चेष्टा सुचतीया तुला."

"गेल्या साली तुमच्या कबऱ्या घोडीची हीच शीर आखडलीती. मी काय केलतं?"

"टाचंखाली जाड नाल मारलातास."

"आन मग?"

"म्हैन्याम्हैन्याला घासून पातळ केलास. पर मी घोडी हाय व्हय?"

"घोडी शहाणी. नालाला नावं ठेवत न्हाई." लालासाबनं पाय सोडला. "टाच दोन बोटं वर हाय. तेवढंच खाली भरायचं. शिरेवरचा ताण जाईल, मग हळूहळू एकेक थर काढायचा. आन दोन्ही पायांना बरं का. एकाच पायाला उंची दिली की जनावर दुसऱ्या अंगानं लंगडतं."

पायताणं करणारा ज्ञानू शेजारच्याच बोळात राहायचा. त्यानं ऐकलं आणि हातातली आरी खाली ठेवली.

"टाच? बाप्याला? कॅम्पातल्या मडमेच्या पायात बघितलीया मी असली टाच. माझ्या आज्यानं न्हाई केलं आसलं काम."

"एकावर एक थर ठोकायचं काम हाय."

"नमुना दाव. नमुन्याबिगर मी कातडं कापत न्हाई."

टाचेचा नमुना अख्ख्या पेठेत एकच होता. लालासाबनं आईला विचारलं.

"बायकांच्या जोड्यावरनं बाप्याचं पायताण?" नजीरा म्हणाली. "बघा, पर पेटीपासनं लांब न्यायचा न्हाई."

म्हणून जुलेखानं जोडा दारात उजेडाला धरला आणि लालासाबनं दोरीनं टाचेचं माप घेतलं. माप चालू असताना तिनं जोड्यातला दुसरा पाय उलटा केला. या घरात येऊन तिला तीन वर्षं झाली होती, पण त्या जोड्याचा तळ ती पहिल्यांदाच बघत होती.

टाचेखालची लोखंडी पट्टी जवळजवळ नवी होती. कडाही बोथटल्या नव्हत्या. चवड्याखालचं कातडं थोडंसं खरवडलेलं, शेणानं सारवलेल्या भुईवर चार सुना पाच-पाच पावलं चालल्या तर होईल तितकं. पण टाचेच्या लगेच पुढं, आडवी, बोटभर रुंद रेघ होती. तिथं कातडं खोलवर झिजलं होतं आणि काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. तिनं पहिला पाय लालासाबच्या हातातून घेतला. त्यालाही तशीच, त्याच जागी.

"चालून झिजला असता तर टाच झिजली असती," ती म्हणाली. "टाच कोरी हाय. मग हितं काय घासलं?"

लालासाबनं रेघेवर अंगठा फिरवला.

"एवढ्या रुंदीचं, पायाच्या खाली आडवं येणारं, एकच लोखंड मला म्हाईत हाय. खोगिराची रिकीब."

"नक्की?"

"नक्की कसं म्हणू?"

"मग करून बघा की," जुलेखा म्हणाली.

ज्ञानूनं शेवटी जोडी केली. खिळ्यांऐवजी बाभळीच्या खुंट्या मारल्या, म्हणजे थर सोडवता येतील. सयाजी उभा राहिला तेव्हा दोन्ही पाय पहिल्यांदाच सारखे टेकले. तो छपरीत दहा पावलं चालला, वळला, परत आला. तोंडावर हसू मावेना.

ते हसू पेठेच्या कोपऱ्यापर्यंत टिकलं. पानाच्या दुकानापाशी कुणीतरी म्हणालं, "या मडमबाई! सायेब कुठं ऱ्हायलं?" दुसऱ्या दिवशी तालमीतली पोरं टाचा उचलून त्याच्या मागं चालली. आठ दिवसांनी सयाजी जोडी हातात घेऊनच छपरीत आला, अनवाणी, चवड्यांवर.

"नगं मला. खरारा परवडला."

"घरात काय म्हंत्यात?" लालासाबनं विचारलं.

"चिमणाबाई? ती म्हंती, लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा नवरा माझ्यापरास उंच दिसाय लागलाय, काढू नगा." सयाजी ओशाळून हसला. "पर पागेत जमादार काय म्हणंल? पाय नीट चालला तरी ह्या टाचंपायीच नाव काढंल त्यो."

"घोड्यावर बसून बघितलंस?"

"बघितलं. पाय रिकिबीतनं आरपार निसटायचा, त्यो निसटंना झालाय. टाच आडवी येती."

पडद्याआडून एक वाटी पुढं सरकली. तव्यामागची काजळी तेलात खलवलेली. "रिकिबीला फासा म्हणावं," जुलेखा आतूनच म्हणाली, "आन फेरी मारून या. आधी तळवं पुसा."

सयाजीला काही कळलं नाही, पण त्यानं केलं. अर्ध्या घटकेनं लालासाबनं जोडी उलटी करून पडद्याखालून आत सारली. टाचेच्या लगेच पुढं आडवा काळा पट्टा उमटला होता. जुलेखानं बोट लावून मोजलं. मग पेटीतला जोडा काढून शेजारी ठेवला. रुंदी तीच, टाचेपासूनचं अंतर तेच. डाव्या पायाचा पट्टा थोडा तिरका होता. जुन्या डाव्याचाही.

"अम्मा," ती हळूच म्हणाली, "दादीअम्माचा जोडा घोड्यावरचा हाय."

नजीरानं जोडा तिच्या हातातून घेतला, पेटीत ठेवला आणि पेटीवर बसली. बाहेर लालासाबनं सयाजीला जोडी पुन्हा पायात घालायला लावली.

दसऱ्याच्या आधी चार दिवस बाराही घोडी नव्या नालांसाठी आली. पाहणी तिथंच उरकू म्हणून जमादार आकारामही आले आणि ऐरणीशेजारी बाजेवर बसले. एकेक स्वार उभा राहिला, चालला. सयाजीची पाळी आली. तो उभा राहिला तो सरळ. चालला तोही नीट. जमादारांनी खाली पाहिलं.

"पायताण उतरीव."

सयाजी हलला नाही. लालासाबनं हातातला चिमटा ठेवला.

"जमादार, घोडी पास करताना तुमी नाल उपटून बघता व्हय?"

स्वार हसले. जमादारही हसले, पण थोडंच.

"बोलायला हुशार हाईस. पाय चालतोय, ते मी मानलं. पर लालासाब, नाल घोड्याचा असतो आन ही टाच मडमेची हाय. लोक म्हंतील, सरदारांच्या बारांत एक बाई निघाली. स्वाराच्या पायात स्वाराचं पायताण पायजे. ही टाच स्वाराची हाय असं दाव मला, मी आत्ता पास करतो."

लालासाबनं पडद्याकडं पाहिलं. आत जुलेखानं नजीराकडं पाहिलं. नजीरा आजही पेटीवरच बसली होती.

"बाप्यांच्या घोळक्यात दादीअम्माचा जोडा न्यायचा?"

जुलेखा भोकापासून बाजूला झाली, एवढंच. नजीरानं उठून भोकाला डोळा लावला. बाहेर सयाजी अजून तसाच उभा होता, हात मांडीला चिकटवून, मान खाली. मागच्या रांगेत कुणीतरी टाचा उचलून त्याची नक्कल करत होतं.

"उलटाच दाखवा," नजीरा म्हणाली. "वरची जरी कुणी बघायची न्हाई."

जमादारांनी उलटा जोडा हातात घेतला. रेघेवर अंगठा फिरवला तसा त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी सयाजीला पाय वर करायला लावला. ज्ञानूनं केलेल्या जोडीच्या तळावर आता महिन्याभरात फिकट रेघ उमटायला लागली होती. जमादारांनी दोन्ही तळवे शेजारी शेजारी धरले.

"माझा बाप भाला घिऊन रिकिबीत उभा ऱ्हायचा," ते म्हणाले. "पाय पार टाचेपातुर आत. म्हणायचा, टाच नसंल तर घोडं एकीकडं आन मानूस एकीकडं. मला वाटायचं, म्हातारा फुशारकी मारतोय." त्यांनी मान हलवली. "ह्यो बाप्याचा जोडा हाय. जुन्या स्वाराचा."

"आमच्या दादीअम्माचा हाय त्यो!" पडद्यातून नजीरा कडाडली. "चार पिढ्यांच्या सुना चालल्यात त्यात. बाप्याचा म्हणून सांगाय लागलाय!"

जमादार गोंधळले. "चाची, बाईचा जोडा म्हंताय? मग झालं की. टाच बाईचीच ठरली." त्यांनी जोडा लालासाबकडं दिला. "घरातलीच माणसं सांगत्यात, मी काय करू?"

सयाजीनं डोळे मिटले.

जुलेखा परक्या पुरुषांसमोर कधी बोलली नव्हती. आताही ती पडद्यामागंच होती, पण आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"जोडा घोड्यावर बसणाऱ्याचा हाय. तळावर तेवढंच दिसतंय. बाई का बाप्या, ते दिसत न्हाई."

एका घोड्यानं नवा नाल आपटून पाहिला.

"कोण बोललं?" जमादारांनी विचारलं.

"आमच्या घरातनं," लालासाब म्हणाला.

"आन खरं बी हाय!" नजीरा पुन्हा बोलली, तिला आता वाट सापडली होती. "ह्या कोल्हापुरात बायका घोड्यावर बसल्या न्हाईत व्हय? आमची दादीअम्मा बसली असंल. तुमच्या बारांपरास चांगली बसली असंल!"

जमादार मोठ्यानं हसले. या वेळी पुरतं हसले. "मग चाची, दादीअम्मा आज असती तर तेरावी घेतली असती. जोडा स्वाराचा, म्हंजे टाच स्वाराची. बास." त्यांनी सयाजीच्या पाठीवर थाप मारली. "चढ. पेठेच्या टोकापातुर पळीव आन परत ये. पाय निसटला तर मात्र माझ्याशी गाठ हाय."

पाय निसटला नाही.

दसऱ्याला बाराच्या बारा स्वार गेले. त्यानंतरच्या बाजाराला ज्ञानूच्या दारात जमादारांची जोडी होती, मग पागेतल्या आणखी पाच जणांच्या. दिवाळीपर्यंत पानाच्या दुकानापाशी उभी राहणारी, जन्मात घोड्यावर न बसलेली माणसंसुद्धा टाच मागायला लागली. 'मडम' म्हणणारा तर एक बोट जास्त मागून गेला. ज्ञानू आता सांगायचा, माझा आजा असल्याच टाचा करायचा.

सयाजीची टाच मात्र उतरत गेली. महिन्याला लालासाब एक थर काढायचा. सयाजी कुरकुरायचा, चिमणाबाई त्याहून जास्त.

पौषात लालासाबच्या धाकट्या भावाचं, रफिकचं लग्न झालं. नवरी रशिदा कबनूरच्या विणकराची, लहानपणापासून पायांनी मागाच्या पावड्या दाबलेली. उंबऱ्याच्या आत जोडा मांडला होता. दारात सयाजीनं आपलं पायताण उतरवलं. टाच आता अर्ध्या बोटाची राहिली होती. अनवाणी तो आत आला आणि दोन्ही टाचा भुईवर टेकल्या.

"दादीअम्माचा जोडा," नजीरा नव्या सुनेला म्हणाली. "घोड्यावर बसायची ती. पाय घाल, आन पाच पावलं चाल."

जुलेखा कोपऱ्यात उभी होती. मोठा जोडा म्हणजे बाप्याचा, हे तिनं मनाशी जवळजवळ ठरवलं होतं. बोलली नव्हती, एवढंच. तिनं कान दिला.

एक, दोन, तीन, चार, पाच. जोडा खडखडला नाही. तिनं वाकून पाहिलं. रशिदाच्या टाचेमागं बोट शिरायलाही जागा नव्हती.