पुढची जोडी

माझा नवरा किशोर शर्यतीत मेला, असं वलगावात सगळे म्हणतात. म्हणू देत, गावाच्या तोंडाला झाकण नसतं. शर्यत तो जिंकला होता, बक्षिसाचा चषक मागच्या सीटवर ठेवून आम्ही घरी परत येत होतो आणि मी त्याच्या शेजारी बसले होते. तेव्हा तो कशाने मेला हे मला कोणी शिकवू नये.

मूर्तिजापूरच्या पुढे, अकोल्याच्या वाटेवर, वाहतुकीला न उघडलेला रस्त्याचा एक सरळ तुकडा आहे. अकोल्याची काही मंडळी परवानगी काढून तिथे गाड्यांच्या शर्यती भरवायची. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, हिरवा दिवा लागला की पाव मैल सुसाट सोडायच्या, की खेळ खलास. भाजीला फोडणी देईपर्यंत संपणारी ती शर्यत, आणि तिच्यासाठी हा माणूस महिनाभर ताटावर बसूनही टायरांचंच बोलत होता. मी म्हणायचे, तुमच्या पोळीलाही रबराचा वास येत असेल.

किशोर ज्या गटात उतरायचा त्याचा नियम सरळ होता. ज्या टायरांवर घरून आलात त्यांच्यावरच पळायचं आणि त्यांच्यावरच घरी जायचं. शर्यतीचे गुळगुळीत टायर चालत नव्हते. रस्त्यावर चालवायच्या मान्यतेचा शिक्का असलेलेच हवेत, आणि तो शिक्का तिथली माणसं वाकून तपासायची. म्हणजे सगळी हुशारी टायर निवडण्यात. कडक रबर पुष्कळ टिकतं, पण गाडी सुटताना चाक जागच्या जागी फिरतं. मऊ रबर रस्त्याला चिकटतं, पण लवकर झिजतं. हे मला इतकं पाठ झालं होतं की झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

अमरावतीला ओमप्रकाशच्या टायरच्या दुकानात मी त्याच्याबरोबर गेले होते. किशोर एकेका टायरमध्ये अंगठ्याचं नख रुतवून पाहत होता, बाजारात बाया भेंडी मोडून पाहतात तसा. एक टायर त्याला फार आवडला. मऊ, मान्यतेचा शिक्का असलेला, पण खाचा नावालाच. ओमप्रकाश म्हणाला, कोरड्यात याच्यासारखा दुसरा नाही. किशोरने तो हातात धरला आणि परत ठेवून दिला. याच गाडीत ही साधना बसते, आई बसते, पाऊस आला तर काय, असं म्हणाला. मला त्या वेळी त्याचा फार अभिमान वाटला. शेवटी त्याने खोल खाचांचा, जरा कमी मऊ टायर पसंत केला. एवढी अक्कल होती त्याला, म्हणून तर अजून संताप होतो.

त्या मापाची एकच जोडी दुकानात होती. उरलेले दोन नागपूरहून मागवावे लागणार होते आणि शर्यत तर रविवारवर आलेली. तेव्हा ओमप्रकाश म्हणाला, "भाऊ, दोनच घेऊन राहिले तर मागं टाका. मागचे तुमचे पार बोडके झाले."

किशोर हसला. आमच्या गाडीचं इंजिन पुढची चाकं फिरवायचं, गाडी तीच ओढायची. नवी जोडी मागे टाकली तर शर्यतीला तिचा काडीचा उपयोग नव्हता. पण ओमप्रकाशचं बोलणं त्याच्या मनात कुठेतरी टोचलं असावं. टायर बसवून न घेता डिक्कीत टाकून तो घरी आला.

माझे सासरे वामनराव म्हणजे बैलांचे पारखी. बाजारात बैलजोडी घ्यायची तर नांदगाव खंडेश्वरपासून लोक त्यांना न्यायला यायचे. दात बघायचे, खूर बघायचे, बैलाला चालवून बघायचे आणि मगच मान हलवायचे. आता गावात बैल बोटांवर मोजण्याइतके उरले आणि मामाजींना कोणी विचारेनासं झालं. किशोरच्या गाडीचा तर त्यांना राग होता. लग्न होऊन आल्यापासून बाप-लेकांत धड बोलणं झालेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी किशोरने अंगणात टायर उतरवले आणि कधी नव्हे ते वडिलांना हाक मारली. पुढे टाकू की मागे, असं विचारलं.

मामाजी उठून आले. टायरवरून तळहात फिरवला, खाचांत बोट घातलं. गाडी कोणती चाकं ओढतात ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "नाल बैलाले ठोकतात, बंडीच्या चाकाले नाई. ओढते त्याच्या पायात टाक. मांगचं येते फरफटत."

किशोरचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. मी ओमप्रकाशचं बोलणं काढून पाहिलं. मामाजी म्हणाले, दुकानदाराले काय, आज दोन इकले, उद्या अजून दोन इकन. दोघं हसले. बाप-लेक एकत्र हसले ते माझ्या बोलण्यावर, आणि त्याचंही मला तेव्हा बरंच वाटलं. नवी जोडी पुढे बसली.

रविवारी मी पहिल्यांदाच शर्यत बघायला गेले. किशोर पुढची चाकं जागेवर फिरवून तापवायचा, निळा धूर उठायचा, आणि दिवा लागला की गाडी सुसाट सुटायची. मागच्या टायरांत त्याने हवा ठासून भरली होती. सगळेच भरतात, गाडी हलकी पळते म्हणून. तो त्याच्या गटात पहिला आला. मूर्तिजापूरला थांबून आम्ही चहा घेतला, त्याने वडिलांना फोन करून सांगितलं आणि फोन ठेवल्यावर डोळे पुसले. मागच्या टायरांतली हवा कमी करायची राहिली.

बडनेऱ्याच्या अलीकडे सर आली. कापसाचे दिवस, कोणाच्या ध्यानीमनी पाऊस नव्हता. किशोर सावकाश चालवत होता, हे मी देवाची शपथ घेऊन सांगेन. पुलाच्या उताराला वळणावर पुढे कापसाची ट्रॉली दिसली. त्याने पाय उचलला, ब्रेकला नुसता स्पर्श केला. पुढच्या चाकांनी रस्ता धरला तो धरलाच. सुटली ती मागची बाजू. रस्ता माझ्या खिडकीत आला, मग शेत आलं, मग आम्ही आडवे होऊन पुलाच्या कठड्यावर गेलो, त्याच्या बाजूने. "अरे," एवढंच तो म्हणाला, जराशा नवलाने. माझा हात मोडला. त्याचं सगळंच मोडलं होतं.

नंतर भेटायला आलेले लोक वेगाला शिव्या देऊन गेले. ओमप्रकाशही आला. माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि चहा न घेता गेला. आम्हा दोघांना ठाऊक होतं. मामाजी मात्र ओसरीवर बसून सगळ्यांना सांगायचे की शर्यतीनं पोरगं खाल्लं, नाहीतर टायर लाखाचे होते. माझा हात गळ्यात बांधलेला, म्हणून तेच मला संत्री सोलून द्यायचे, फोडीवरचा धागान् धागा काढून. त्यांच्या हातची ती फोड तोंडात घेताना मला त्यांचा राग यायचा आणि दयाही यायची. पण बोलले नाही. म्हातारा त्या दिवशीच संपला असता.

उन्हाळ्यात मोडकी गाडी पोलिसांनी सोडली. धाकटा दीर अमोल, त्याच्या गाडीला त्याच मापाची चाकं. मामाजींनी त्याला पाठवून ते दोन नवे टायर काढून आणवले. किशोरनं निवडलेली वस्तू वाया जाऊ द्यायची नव्हती त्यांना. सासूबाई मैनाबाई, म्हणजे माझ्या आत्याबाई, त्यांचे गुडघे दाखवायला अकोल्याला जायचं होतं, त्या दिवशी सकाळीच टायर बसवायचे ठरले. आत्याबाईंना उभं राहवत नव्हतं, म्हणून त्या आधीच मागच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या. मामाजींनी टायरांना हळदकुंकू लावलं. अमोल पुढच्या चाकाजवळ जॅक सरकवत होता.

मी त्याला म्हटलं, भाऊजी, पुढे नाही, मागे लावा. मामाजींनी विचारलं, काहून? मी म्हटलं, ओमप्रकाशला फोन करून विचारा. त्यांनी मान झटकली आणि अमोलला खुणावलं, लाव तू. आणि मग माझ्याच्याने राहवलं नाही.

"मामाजी, त्या दिवशी पुढचे टायर सुटले नाई. मांगचे सुटले. गाडी मांगून फिरली."

समजायला त्यांना वेळ लागला, आणि समजताना त्यांचं तोंड कसं बदलत गेलं ते मला बघावं लागलं.

"तुले कवापासून मालूम?"

"तवापासूनच."

"मंग आजच काहून सांगतलं?"

मी गाडीकडे पाहिलं. आत्याबाई मांडीवर दवाखान्याची पिशवी घेऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्या बाजूची काच उघडी होती.

अमोल जॅक धरून तसाच बसला होता. मग आतून आत्याबाई बोलल्या, नेहमीच्या आवाजात, स्वयंपाकाचं सांगावं तशा.

"अमोल, साधना म्हणते तसं कर. मांगं लाव."

मामाजींकडे त्यांनी पाहिलं नाही. अकोल्याला जाऊन आम्ही परत आलो, गुडघ्यांचं औषध सुरू झालं, आता त्या काठी न घेता विहिरीपर्यंत जातात. मामाजींना जेवायचं ताट त्या माझ्या हातून पाठवतात. त्यांच्याशी त्या बोलताना मात्र मी त्या दिवसापासून ऐकलं नाही.