बंद गाडीतला पंखा

दुखवटा काढायला बाईनं आधी माहेरी जेवायचं, त्याशिवाय दुसऱ्या कुणाचा उंबरा चढायचा नाही, अशी आमच्याकडे पद्धत आहे. बाबांना जाऊन दोन महिने होत आले आणि दिंडोरीच्या खंडूमामाचं बोलावणं आईनं दोनदा टाळलं होतं. उद्यापासून पितृपंधरवडा. आज गेलो नाही, तर ती आणखी पंधरा दिवस नाशिकच्या, इंदिरानगरातल्या या घरात बसून राहणार. म्हणून मी पुण्याहून आले होते. तिला नेल्याशिवाय परतणार नव्हते.

बाबांच्या डिझेल गाडीची किल्ली फिरवली. टक्, टक्. दिवे मिणमिणले, इंजिन गप्प.

"बघ," आई म्हणाली. सुटका झाल्यासारखा आवाज. "गाडीच नाही म्हणतेय. खंडूला कळव, पुढच्या महिन्यात येतो."

"गाडी काही म्हणत नाहीये. बॅटरी उतरलीय."

बॅटरी तशी नवी होती. मी बॉनेट उघडलं आणि तळमजल्यावरच्या धनराजकाकांना हाक मारली. ते आपली गाडी शेजारी लावून वायरी घेऊन आले.

"वहिनींना विचार," ते म्हणाले. "रोज दुपारी गाडीत पंखा लावून बसतात. म्हटलं, वहिनी, आमच्या गॅलरीत या, तिथं वारा फुकट आहे."

आईनं पदर सारखा केला. "एसी कुठे लावत होते? पंखाच तर. नाशिक रोड स्टेशनला तुझी रेल्वे येईपर्यंत हे तसेच बसायचे, इंजिन बंद, पंखा चालू. डिझेल जळत नाही म्हणायचे. तेव्हा कशी नाही उतरली?"

"डिझेल जळत नाही, पण पंखा बॅटरीवर चालतो. बाबा नंतर गाडी घरापर्यंत चालवायचे, तेवढ्यात ती परत भरायची. तू बसतेस आणि किल्ली काढून वर जातेस. डिझेलचं इंजिन उठवायला जोर लागतो, आई. तो उरला नाही."

"म्हणजे आता बसायचंच नाही?"

हे तिनं इतकं हळू विचारलं, की काका वायरींचा गुंता सोडवू लागले. गुंता नव्हता.

"बस ना. पण मग फिरवूनही आणायची."

लाल वायर लालला जोडली. काळीचं एक टोक काकांच्या बॅटरीला, दुसरं आमच्या इंजिनच्या लोखंडाला. त्यांनी आपलं इंजिन थोडा वेळ चालू ठेवलं, मग मी किल्ली फिरवली. गाडी थरथरून सुरू झाली.

"चल."

"या साडीवर? वर जाऊन बदलून येते."

वर गेली असती तर ती खाली आली नसती.

"इंजिन आता बंद करता येणार नाही. बस."

काकांनी वायरी काढल्या, दार उघडून धरलं. "वहिनी, साडीकडे बघायला तिकडे कोण बसलंय? भावाकडे तर चाललात."

आई क्षणभर वर, आमच्या गॅलरीकडे बघत राहिली. मग बसली. दार तिनंच ओढून घेतलं.

दिंडोरी रोडला लागल्यावर तिनं माझा फोन मागितला.

"खंडू, निघालोय आम्ही. बायकोला सांग, गोडधोड काही नको. भात मात्र गरम असू दे."