लाल ते चांगलं

चैतालीच्या टाचेवरची पट्टी डॉक्टरीणबाईंनी सलाइनने भिजवली, जरा थांबल्या, आणि ती अलगद सुटून आली. पंचशीला बघतच राहिली. मोटरसायकलच्या चाकात लेकीचा पाय गेला तेव्हापासून ती घरी सुकलेली पट्टी एका झटक्यात ओढत होती.

"घरी काय लावता?"

"स्पिरिट. ते लाल लाल मांस वर येतंय ना, ते कापसानं घासून काढते. रक्त आलं की घाण निघाली असं..." तिचा आवाज खाली गेला.

"सडकं नाही हो ते, नवं मांस आहे. जखम तळातून भरत येते ती अशीच, लाल, ओलसर, दाणेदार. नाजूक असतं, जरा धक्का लागला तरी रक्त येतं. घासू नका, स्पिरिट नको. वास आला, पू आला, सूज किंवा ताप वाढला तर लगेच या. लाल ते चांगलं."

म्हणजे जे रोज उगवत होतं तेच आपण रोज खरवडत होतो. लेकरू किंचाळायचं. 'चरचरलं म्हणजे औषध लागलं, गप बस,' असं वर दटावलंही होतं. डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पंचशीला साबणाने हात धुऊन आली, तशी चैताली आजीच्या पाठीमागे सरकली.

"आज्जीच्या हातनं. तू न्हाई."

"मला सुईचं भोक दिसंना, तुजी जखम काय दिसंल?" चतुराबाई म्हणाल्या. "आईच करील."

"आई घासती!"

"न्हाई घासणार. चुकलं माझं, बाळा. मला वाटलं ते सडलंय."

"मी लई रडले. मग थांबली कावून न्हाईस?"

पंचशीलाने डॉक्टरीणबाईंनी दिलेली सलाइनची बाटली लेकीच्या हातात दिली. "तूच भिजव. सुटली की सांग."

अर्धं पाणी फरशीवर गेलं. "पाय भिजवतीस का घर सारवतीस गं?" चतुराबाई म्हणाल्या. चैताली हसली नाही. पट्टी सुटली. गॉजच्या जाळीदार कापडाची नवी घडी घेऊन आईचा हात जवळ आला, तशी तिने मनगट मुठीत धरलं.

"पुसायचं न्हाई."

"न्हाई."

गॉज बसला. पट्टीचे वेढे झाले. मूठ काही सुटली नाही. एका हाताने गाठ बसेना, तरी पंचशीला तिला हात सोड म्हणाली नाही.