भिंतीवरचा डाग

"प्रत्येक स्क्रीनला आत्मा असतो, आणि एकच चित्र फार वेळ राहिलं की तो जळतो," छायागुरू म्हणाले.

हे अत्यंत गंभीरपणे सांगणाऱ्या गृहस्थांच्या स्वतःच्या मोबाइलची काच तीन ठिकाणी तडकली होती. पण मोबाइल टेबलाखाली होता आणि अख्खं ऑफिस टेबलाच्या वर बघत होतं.

ऑफिस मुद्रितशोधनाचं. पाठ्यपुस्तकांची पानं दिवसभर स्क्रीनवर उघडी ठेवायची आणि चुका वेचायच्या. आज कुणी काही वेचत नव्हतं. मोठ्या स्क्रीनपुढे खुर्च्यांची दाटी झाली होती आणि मागे उभी असलेली मंडळी टाचा उंचावून बघत होती. साहेबांनी चक्क फोन बंद केला होता, जो त्यांनी स्वतःच्या लग्नातही केला नसता.

गर्दीच्या कडेला मास्तरीण उभी होती. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. तिला इथे ओढून आणलं होतं तिच्या मोठ्या जावेनं. जाऊबाई इथल्या सगळ्यांत जुन्या मुद्रितशोधक. काही महिन्यांपासून त्या पानापानावर 'ओळ वाकडी' असा शेरा मारू लागल्या होत्या. अक्षरजुळणी करणारा बिचारा पट्टी लावून दाखवायचा, ओळ सरळच असायची. मग त्यांना ओळीच्या मधोमध करडा डाग दिसू लागला. मास्तरणीनं डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन दिली. जाऊबाईंनी ती परस्पर रद्द केली, कारण तोवर छायागुरूंनी निदान केलं होतं: डोळा ठणठणीत आहे, डाग स्क्रीनला आहे.

"तूही बघ एकदा, मग बोल," जाऊबाई कुजबुजल्या. "आणि तोंड मिटून बघ."

"बघते," मास्तरीण म्हणाली. दुसरी अट तिनं ऐकलीच नाही.

स्क्रीन काळा झाला. त्यावर पांढरंशुभ्र चक्र आलं, मधोमध लाल ठिपका.

"ठिपक्यावरून नजर हलवू नका," छायागुरूंचा आवाज खालच्या पट्टीत गेला. "स्क्रीनची ऋणभारित छाया वर येते आहे. आणि कृपा करून भिंतीकडे बघू नका. छाया अंगावर येते."

"ऋणभारित म्हणजे काय हो?" मास्तरणीनं विचारलं.

"ते अनुभवायचं असतं, ताई."

"विजेचं बिलही अनुभवायचंच असतं. पण त्यावर आकडा असतो."

जाऊबाईंनी तिच्या दंडाला चिमटा काढला. तेवढ्यात स्क्रीन पांढरा झाला आणि खोलीभर श्वास अडकले. कोऱ्या पांढऱ्यावर काळपट चक्र तरंगत होतं.

"दिसलं."

"मलाही. केवढं आहे."

"आणि यावर आपण मुलांची पुस्तकं तपासतो," साहेब खचल्या आवाजात म्हणाले. त्यांच्या डोक्यावर त्यांची पदवी चौकटीत टांगलेली होती.

छायागुरूंनी पेनड्राइव्ह कपाळाला लावून संगणकाला जोडला. रंगीत बुडबुडे स्क्रीनभर फिरू लागले. बरेच फिरले. मग पुन्हा पांढरा स्क्रीन: स्वच्छ. टाळ्या पडल्या.

"काम थांबलं की हे बुडबुडे आपोआप येतील. स्क्रीन शुद्ध, दृष्टी शुद्ध. औषधं, तपासण्या, सगळं विसरा."

"चक्र गेलं," जाऊबाई हळूच म्हणाल्या. "पण माझा डाग तिथेच आहे."

"श्रद्धेत खोट आहे," छायागुरू क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. "आणखी दोन बैठका लागतील."

जाऊबाईंनी मान खाली घातली. ते बघून मास्तरणीची तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात जन्म गेलेली ही बाई आता स्वतःतली खोट शोधत बसली होती, आणि हा सोद्या तिला मदत करत होता.

"पुन्हा दाखवा," मास्तरीण म्हणाली. "माझी शुद्धी राहिली."

टाळ्या ताज्या होत्या, त्यामुळे छायागुरूंनी दाखवलं. काळा स्क्रीन, चक्र, ठिपका. स्क्रीन पांढरा व्हायच्या ऐन क्षणी मास्तरणीनं वर्गातला आवाज काढला, ज्या आवाजाला मागचा बाक घाबरतो.

"सगळ्यांनी भिंतीकडे बघा."

विचार करण्याआधीच माना वळल्या. भिंतीवर तेच चक्र होतं, आणि आणखी मोठं.

"भिंत जळली का? आता डोळे मिटा. पापण्याही जळल्या?"

"छतावर पण आहे," साहेब वर बघत म्हणाले.

"यांच्या पांढऱ्या कोटावर पण आहे," टंकलेखिका म्हणाली.

छायागुरूंनी कोट झटकला. तिथेच त्यांचं निम्मं दुकान बसलं.

"चमकत्या आकृतीकडे एकटक बघितलं की डोळ्याचा तेवढा भाग मंदावतो," मास्तरीण म्हणाली. "नंतर पांढऱ्यावर तेवढंच काळपट दिसतं. जरा वेळानं डोळा सावरतो. तो वेळ काढायला बुडबुडे. त्याऐवजी साहेबांचा फोटो फिरवला असता, तरी डाग गेला असता."

"पण आमच्या वेळी स्क्रीन जळायचे," साहेब म्हणाले. "स्क्रीनसेव्हर लावायचोच."

"तुमच्या वेळी स्क्रीनच्या मागे खोक्याएवढं पोट होतं. काचेमागचा चमकणारा थर एकाच चित्रानं झिजायचा. तेव्हा सेव्हरला अर्थ होता. या चपट्या स्क्रीनना मागून दिवा आहे, आणि बुडबुडे नाचताना तो जळतच राहतो. काही नव्या जातींवर अजूनही छाप राहू शकते. पण स्क्रीनला विश्रांती हवी तर तो बंद करावा, नाचवू नये."

"विज्ञान जिथे संपतं," छायागुरूंनी सुरुवात केली.

"तिथे तुमचा पेनड्राइव्ह सुरू होतो. कळलं. बसा."

ते बसले.

"मला माझा डाग भिंतीवरही रोज दिसतो गं," जाऊबाई म्हणाल्या. "गुरूंनी बघू नका सांगितलेलं, म्हणून कुणाला बोलले नाही."

मास्तरणीनं तळव्यानं त्यांचा उजवा डोळा झाकला. "खिडकीचे गज कसे दिसतात?"

"वाकडे. मधला दिसतच नाही."

मग डावा झाकला.

"सरळ. सगळे."

जुळणी करणाऱ्यानं हातातली पट्टी टेबलावर ठेवली.

त्याच दुपारी डॉक्टर म्हणाल्या, "डाव्या डोळ्याच्या दृष्टिपटलामागे रक्तवाहिन्यांतून गळती आहे. इंजेक्शनांनी पुढचं नुकसान बहुधा रोखता येईल. गेलेलं परत येईलच असं सांगत नाही. पहिली वेळ का रद्द केलीत?"

"स्क्रीन दुरुस्त करत होतो," जाऊबाई म्हणाल्या.

डॉक्टर हसल्या नाहीत. मास्तरीणही नाही.

तेव्हा डाग दिसला तर आधी एक डोळा झाका, मग दुसरा. मग डॉक्टर गाठा, त्याच दिवशी. आणि कुणी अमुक ठिकाणी बघू नका म्हणालं, तर पहिल्यांदा तिथेच बघा. याला पदवी लागत नाही. पदवीवालेच तर छायागुरूंपुढे खुर्च्या ओढून बसले होते.

छायागुरू आता दुसऱ्या ऑफिसात जातात. कोट बदलला आहे, काळा घेतला. इथे बुडबुडे काढून टाकले. स्क्रीन बंद करायचं बटण प्रत्येक स्क्रीनच्या खालच्या कडेला पहिल्यापासूनच होतं.