तिघांत एक मास्क

काळुराम ठेकेदाराला इंग्रजीचा पुळका कधी आला, ते धाटावच्या केमिकल कंपनीच्या शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या ठेक्यावरच्या केरूच्या छातीत टाकीतला गॅस गेला आणि तो रोह्याला दवाखान्यात आडवा झाला, त्याच आठवड्यात.

चौकशीला कंपनीचा चेन्नईचा सायब येणार होता. त्याला मराठी येत नाय, हिंदी येत नाय, आणि मधे दुभाष्याही नको. अपघात पाहणारा कामगारच समोर इंग्रजीत बोलला पाहिजे. जवळून पाहणारा एकच, निडी गावचा अक्षय, बारावी झालेला. काळुरामने त्याला हर्षद सरांच्या इंग्रजीच्या क्लासला बसवलं आणि दोन वाक्यं हातात दिली. केरू ओपन्ड द लिड. केरू डिड नॉट वेअर मास्क.

"झाकण काढलं, मास्क घातला नाय. यात खोटं काय हाय?"

खोटं नव्हतंच. हीच तर हरामखोरी.

ठेक्यावरच्या तिघांना मिळून एक मास्क. ज्याची पाळी टाकीवर, त्याने घालायचा. उतरला की सदऱ्याने पुसून पुढच्याला द्यायचा. त्या दिवशी तो पलीकडच्या टाकीवर धनेशच्या तोंडाला होता, आणि खालून काळुराम बोंबलत होता, "उघड रे केरू, बस सुटंल!" केरूने उघडलं. आता चूक केरूची ठरली, की भरपाई गेली आणि कामही गेलं.

"डिडनंतर वोअर नाही, वेअर," सर फळ्यावर शिकवत होते.

"सर, मास्कच नव्हता, हे कसं म्हणायचं?"

सरांनी खडू खाली ठेवला. काळुरामची दोन्ही पोरं त्यांच्याच क्लासला होती. "दिलंय तेवढं पाठ कर."

क्लासमधली, बँकेच्या परीक्षेला बसलेली किमया जिना उतरताना म्हणाली, "देअर वॉज नो मास्क. सरांना येतं रे ते."

दवाखान्यात केरूची बायको सरू भेटली. "तू बोलच, असं नाय म्हणत मी, भाऊ. तुलाबी पोट हाय. पण त्या मेल्याचं पाठ केलेलं तेवढं नको बोलू."

चौकशीच्या दिवशी काळुराम सायबाच्या बाजूलाच खुर्ची टाकून बसला.

"केरू ओपन्ड द लिड," अक्षय म्हणाला. काळुरामने मान डोलावली.

"देअर वॉज नो मास्क."

मान थांबली. पुढचं कुणी शिकवलेलं नव्हतं. "वन मास्क, थ्री मॅन. धनेश वोअर. डाऊन, शेठ शाउट. ओपन, ओपन."

"थ्री मेन," सायबाने दुरुस्त केलं आणि लिहून घेतलं. मग विचारलं, "हू शाउटेड?"

अक्षयने बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीची बस निडीला थांबली नाय. अक्षयने हात केला, ड्रायव्हर समोर बघत निघून गेला. मग तो रिक्षाने दवाखान्यात आला.

"काय सांगितलंस रे?" केरूने दम खात विचारलं.

"जे झालं ते."

"इंग्रजीत?"

"व्हय."

"चुकलास काय?"

"लय ठिकाणी."

केरू हसायला गेला आणि खोकला. सरूने पाण्याचा पेला पुढे केला.