दोन मग चुना

सासऱ्यांनी कागदाची पट्टी टाकीतल्या पाण्यात बुडवली, बाहेर काढून दोनदा झटकली आणि खिडकीच्या उजेडात धरून डोळे बारीक केले.

"झालं," ते म्हणाले. "सोड."

सुनेचा हात टाकीच्या चावीवर होता. ती फिरवली की निकेलचा मुलामा दिलेले नळ धुतलेलं सगळं पाणी मोरीतून शहराच्या गटारात जाणार होतं. मोरीच्या तोंडाशी महापालिकेच्या तपासनीस बाई रिकामी बाटली घेऊन उकिडव्या बसल्या होत्या.

सुनेने चावी फिरवली नाही. पट्टी तिला उभ्या जागेवरूनही दिसत होती. हिरवीगार होती. हवी होती निळसर.

पाण्यात चुना पुरेसा पडला की पट्टी निळसर होते आणि विरघळलेलं निकेल गाळ होऊन तळाला बसतं. चुना कमी पडला तर निकेल पाण्याबरोबर निघून जातं. लिटरला दोन मिलिग्रॅम, ही महापालिकेची मर्यादा. मागच्या दोन्ही नमुन्यांत पाच निघालं होतं. आजचा तिसरा. हाही नापास झाला तर मोरीच्या तोंडाला सिमेंट, आणि मोरीला सिमेंट म्हणजे कारखान्याला कुलूप.

एरवी प्रश्नच आला नसता. सासरे पट्टी बघायचे, 'सोड' म्हणायचे आणि जेवायला निघून जायचे. ते गेले की ती टाकीत आणखी दोन मग चुना टाकायची, ढवळायची, स्वतः पट्टी बघायची आणि गाळ बसल्यावरच चावी फिरवायची. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्या माणसाने तीस वर्षं नुसत्या नजरेने मुलाम्यातली खोट काढली, ज्याने तिला या कामातलं ओ की ठो येत नसताना सगळं हाताला धरून शिकवलं, त्याला 'तुम्हाला रंग दिसत नाहीत' असं कुठल्या तोंडाने सांगायचं? तिचा त्यांच्यावर फार जीव होता. आणि आज ते जेवायला जायचं नाव घेत नव्हते.

"बहिरी झालीस का? सोड म्हटलं ना."

"थोडं थांबू या का, बाबा?"

"कशाला? पाणी काय आता पिकायचंय?"

बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"थांबा काका, मला घाई नाही. तेवढ्यात एक विचारते." त्यांनी वही उघडली. "मागचे दोन नमुने सात आणि बारा तारखेचे. त्याआधी तुमचं पाणी कधीच वर गेलेलं नाही. त्या दिवसांत काही बदललं होतं का? नवीन माणूस, नवीन चुना? आमच्या शुद्धीकरण केंद्रात घाण खाणारे जंतू असतात. निकेल वाढलं की तेच मरतात, आणि मग सगळ्या शहराची घाण जशीच्या तशी नदीत जाते. म्हणून खोदून विचारते."

"नवीन माणूस कुठला?" सासऱ्यांना ते लागलं. "उलट, त्या दिवसांत ही माहेरी होती, आई आजारी म्हणून. चुना टाकणं, पट्टी बघणं, पाणी सोडणं, सगळं मी एकट्याने केलं. चूक व्हायला जागाच नाही."

एवढं बोलून ते थांबले.

त्यांनी हातातल्या पट्टीकडे पाहिलं, मग सुनेच्या हाताकडे. बाईंनी वहीत डोकं घातलं. त्यांना सगळं उमगलं होतं, पण न उमगल्यासारखं दाखवायचं कसब त्यांच्याकडे होतं.

"माझ्यामागून किती टाकतेस?" सासऱ्यांनी विचारलं.

खोटं बोलायला वेळ होता, पण तिला जमलं नाही.

"दोन मग."

"रोज?"

"रोज."

"केव्हापासून?"

"दोन वर्षं झाली, बाबा."

सासऱ्यांनी पट्टीची घडी केली आणि खिशात ठेवली. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"मग उभी काय राहिलीस?" ते म्हणाले. "टाक."

तिने चुना टाकला. काठी त्यांनी तिच्या हातातून घेतली आणि स्वतः ढवळलं. नवी पट्टीही त्यांनीच बुडवली, दोनदा झटकली, पण या वेळी खिडकीकडे न नेता तिच्यासमोर धरली.

"बघ."

"निळसर आहे."

"बाईंना दाखव."

गाळ बसायला तास गेला. पाणी वर नितळ झालं तेव्हा सासरे नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "सोड." तिने चावी फिरवली. बाईंनी बाटली भरली, उजेडात धरली, चिठ्ठी चिकटवली.

"अहवाल आठवड्यात येईल. मला तरी आज काळजी वाटत नाही," त्या म्हणाल्या. "पट्टी आता कोण बघणार?"

"ही बघेल. मी ढवळेन."

"आणि काका, मोतीबिंदू असेल. माझ्या वडिलांचा काढला. फार वेळ लागत नाही."

"बघू," सासरे म्हणाले.

बाई गेल्यावर सुनेने चहा केला. सासरे पालथ्या खोक्यावर बसले होते. त्यांनी कप हातात घेतला.

"आणखी काय काय चालतं माझ्यामागे?"

ती म्हणाली, "तुमच्या चहात साखर अर्धीच घालते. डॉक्टर म्हणाले तेव्हापासून."

सासऱ्यांनी एक घोट घेतला.

"ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," ते म्हणाले.