सातव्या जागेवरची खुर्ची

मी एक प्लास्टिकची खुर्ची बोलतेय. निळी, बिनहातांची. हात नाहीत म्हणूनच ज्येष्ठांच्या व्यायामवर्गासाठी माझी निवड झाली. सांगायचं आहे ते नीट सांगता येईल का, याची मात्र धाकधूक आहे.

साच्यातून निघाल्यावर काही वर्षं मंडपवाल्याकडे काढली. लग्नांत माणसं बसत, उठून जात. चेहरा कुणाचाच लक्षात राहिला नाही. मग खडकीतल्या एका विहाराच्या सभागृहात आले आणि पहिल्यांदा मला रोज तेच माणूस मिळालं: विमलाबाई, कारखान्यातून निवृत्त झालेल्या.

सकाळी अकरा जण गोल करून बसत. चैताली नावाची मुलगी व्यायाम घेई, पण मोजायचं मंडळींनी. हात वर नेताना प्रत्येकाने आपला आकडा म्हणायचा. आकडा ठरलेला, जागा ठरलेली, खुर्चीही. विमलाबाईंचा सात. भाजीवालीला शेवटचा भाव सांगावा तसा त्या तो तोडून म्हणत.

आठवर ज्ञानदेव सर, संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. रोज नवी काळजी घेऊन येत.

“सांगा सर, आज काय दुखतंय,” विमलाबाई म्हणत, “म्हणजे आम्हाला चहा गोड लागेल.”

फेब्रुवारीत विमलाबाई गेल्या. माझ्यावर कुणी बसेना. ‘सहा’नंतर सगळे श्वासभर थांबत, मग सर ‘आठ’ म्हणत. असं कुणी ठरवलं नव्हतं.

मार्चमधल्या एका सकाळी त्या थांबण्यात ‘सात’ ऐकू आलं. हलकंच, तोडून.

माझ्यावर वजन नव्हतं. बैठक मात्र कोमट झाली होती.

सरांचे हात अर्ध्यावर थांबले. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळे भिंतीकडे बघत होते. सरांनी कसंबसं ‘आठ’ म्हटलं.

मग ते रोजच ऐकू येऊ लागलं. सर सुकत चालले. त्यांचा मुलगा संजय शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांजरीला राहतो. “बाबा, डोक्याचं काही वाटलं तर मी तुम्हाला इथं एकटं ठेवणार नाही,” असं त्याने बजावलं होतं. म्हणजे बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट, आणि दिवसभर दार बंद. हा गोल कायमचा सुटला असता. म्हणून सर गप्प राहिले. चहाचा कप तेवढा बशीवर वाजायचा.

मलाही शंका यायची. हे मीच तर बोलत नाही?

एके दिवशी चैताली म्हणाली, “उद्या नवीन बाई येताहेत. त्यांना ही सातची खुर्ची देऊ.”

“नको,” सर उठून उभे राहिले. “तिथून मला विमलाबाईंचा आकडा ऐकू येतो. माझं डोकं ठिकाणावर नसेल. संजयला कळवायचं तर कळवा.”

मग तीन नंबरच्या सुंदराबाई म्हणाल्या, “मार्चपासून ना?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“मला वाटलं, माझं कानातलं मशीन बिघडलं. दोनदा दुरुस्तीला टाकलं.”

“मी मेंदूचा फोटो काढून आलो,” पाचवरचे रावसाहेब म्हणाले. “घरी सांगितलं, मित्राकडे जातोय.”

एकेक जण कबुली देत गेला. प्रत्येकाला वाटलं होतं, आपल्यालाच भ्रम होतोय. कळलं तर मुलं घेऊन जातील.

“मी इतके दिवस एकटाच घाबरत होतो,” सर म्हणाले.

“एकटे कुठले, सर? दहाच्या दहा जण एकटे होतो,” रावसाहेब म्हणाले.

सर हसले. कितीतरी दिवसांनी.

“पण मला कधीच काही ऐकू आलं नाही,” चैताली पुटपुटली.

“तुझं वय नाही अजून,” सुंदराबाई म्हणाल्या.

नवीन बाई आल्या. त्यांना बारा नंबर दिला. पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी त्यांनी सरांना हळूच विचारलं, “सातवर बसतात त्या बाई कुणाशी बोलत नाहीत का हो?”

सरांनी कप बशीत ठेवला. तो वाजला नाही.

“बोलतील,” ते म्हणाले. “ओळख व्हायला जरा वेळ लागतो.”

वर्ग सुटला की सगळ्या खुर्च्या एकावर एक रचतात. एवढीच विनंती आहे, मला तेवढी वेगळी ठेवा. माझ्यावर कुणी बसलंय की नाही, हे मला अजून सांगता येत नाही.